मधली वर्षं

ट्रिशा झॉर्नचं शेवटचं पॅरालिम्पिक पदक कांस्य होतं. अथेन्स, २००४, १०० मीटर बॅकस्ट्रोक. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती आणि त्याच वर्षी तिची आई गेली होती. एके काळी, १९८८ला सोलमध्ये, एकाच पॅरालिम्पिकमधून बारा सुवर्णपदकं घेऊन गेलेली ही अमेरिकन जलतरणपटू सातव्यांदा पॅरालिम्पिकच्या पाण्यात उतरली आणि एका कांस्यपदकावर तिनं कारकीर्द संपवली.

रिले धरून तिच्या नावावर ५५ पदकं आहेत. ४१ सुवर्ण, ९ रौप्य, ५ कांस्य. पॅरालिम्पिकच्या इतिहासात एवढी पदकं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. तरीही तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की मी त्या शेवटच्या कांस्यापासूनच सुरुवात करते. सोलच्या बारा सुवर्णांचं कौतुक कुणीही करील. पण वीस-वीस वर्षं पहिल्या क्रमांकाची सवय असलेलं माणूस तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा पहाटे उठून सराव करतं, हे कळायला थोडं जवळून बघावं लागतं.

आपल्याकडे दिव्यांग खेळाडूवरचा लेख कसा असतो ते वाचणाऱ्याला एव्हाना पाठ झालंय. आधी आजार किंवा अपघात, मग आईवडिलांचे कष्ट, मग पदक, शेवटी जिद्दीला सलाम. अपघात आणि पदक यांच्यामध्ये दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात, ती दोन ओळींत उरकतात. आणि पदक मिळाल्यानंतर जी वर्षं येतात, म्हणजे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागानंही खाली येत नाही, खांदा रात्री कुशीवर झोपू देत नाही, शेजारच्या लेनमधली नवी पोर भिंतीला आधी हात लावते, त्या वर्षांबद्दल तर कुणी चकार शब्द लिहीत नाही. मला त्याच वर्षांबद्दल लिहायचंय. सध्या रोज सकाळी मी ती तलावाच्या काठावर उभी राहून बघते आहे. मी एका अंध मुलीची टॅपर आहे. टॅपर म्हणजे काय ते पुढे येईलच, आधी झॉर्न.

ती १९६४ साली कॅलिफोर्नियात जन्मली, ॲनिरिडिया घेऊन. डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा उजेडाप्रमाणे आकसतो आणि फाकतो. तो पडदाच तिच्या डोळ्यांत जन्मतः नव्हता. पडदा नसला की आत येणारा उजेड आवरत नाही, आणि लख्ख उन्हात डोळे उघडे ठेवणंसुद्धा शिक्षा होते. नजर किती अधू, तर धड डोळ्यांच्या माणसाला जे ११०० फुटांवरून दिसेल ते तिला २० फुटांवर आल्यावर दिसायचं. पुढे शस्त्रक्रिया करून कृत्रिम पडदे बसवल्यावर तिची नजर बरीच सुधारली. पण अशा डोळ्यांच्या मुलीचा हुकमी स्ट्रोक कोणता असावा? बॅकस्ट्रोक. म्हणजे तोंड सतत वर, दिव्यांकडे नाहीतर थेट आभाळाकडे. मला या निवडीचं फार नवल वाटतं.

१९८० साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघातली तिची जागा थोडक्यात हुकली. पॅरालिम्पिक नव्हे, ऑलिम्पिक. डोळस मुलींच्या बरोबरीनं, त्यांच्याच चाचणीत पोहून. (तो संघ तसाही मॉस्कोला गेला नाही, अमेरिकेनं बहिष्कार घातला.) त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, ती पॅरालिम्पिकसाठी नेदरलँड्समधल्या आर्नेमला गेली. ऑलिम्पिक मॉस्कोत असताना पॅरालिम्पिक आर्नेमला का, तर सोव्हिएत सरकारनं दिव्यांगांचे खेळ भरवायला नकार दिला होता. अंध आणि अधू नजरेच्या खेळाडूंना पॅरालिम्पिकमध्ये जागा मिळाली तीच मुळी १९७६ साली, टोरंटोत. झॉर्न उतरली ती त्यांची दुसरीच खेप. म्हणजे ही मुलगी आणि तिचा खेळ जवळजवळ एकदमच मोठे झाले.

त्यानंतर नेब्रास्का विद्यापीठानं तिला पोहण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सगळ्यात वरच्या गटात, डोळस मुलींच्या संघात. दिव्यांग खेळाडूला अशी शिष्यवृत्ती मिळाल्याचं ते पहिलं उदाहरण. चार वर्षांनी पुन्हा पॅरालिम्पिक आलं तेव्हा यजमानांचाच घोळ झाला. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंचे खेळ इलिनॉय विद्यापीठात व्हायचे होते. विद्यापीठानं आयत्या वेळी अंग काढून घेतलं, मग ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला नेले, आणि झॉर्नसारख्या बाकीच्या खेळाडूंचे न्यूयॉर्कजवळ झाले. एकच पॅरालिम्पिक, पण महासागराच्या दोन काठांवर. १९८८ला सोलमध्ये मात्र ऑलिम्पिकनंतर लगेच, ऑलिम्पिकच्याच तलावात शर्यती झाल्या. बारा शर्यती, बारा सुवर्ण.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. त्या काळात पॅरालिम्पिकमध्ये गट खूप होते आणि एकेका शर्यतीत उतरणाऱ्या मुली कमी. जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या २८ ऑलिम्पिक पदकांशेजारी झॉर्नची ५५ ठेवून ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणायचा मोह अनेकांना होतो. हेतू चांगला असेल, पण त्यामुळे झॉर्नचा मोठेपणा भलत्याच ठिकाणी शोधला जातो. सोलच्या बारा सुवर्णांमध्ये किती शर्यती अटीतटीच्या होत्या आणि किती नव्हत्या, यावर वाद घालता येईल. त्यानंतरच्या सोळा वर्षांवर वाद घालायला जागा नाही.

कारण त्यानंतर खेळ बदलला. गटांची मांडणी नव्यानं झाली. नुसत्या निदानाऐवजी पाण्यात शरीर काय करू शकतं यावर भर आला, गट कमी झाले, एकेका शर्यतीतली गर्दी वाढली. आज जलतरणात शारीरिक दिव्यांगत्वासाठी एस १ ते एस १०, दृष्टीसाठी एस ११ ते एस १३ आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठी एस १४ असे गट आहेत. देशादेशांतून सरावाच्या सोयी झाल्या, प्रशिक्षक मिळाले. बार्सेलोनाला, १९९२ साली, झॉर्ननं दहा सुवर्ण घेतली आणि दोन रौप्य. वय अठ्ठावीस. त्या दोन रौप्यांपाशी बहुतेक खेळाडूंनी हिशेब मांडला असता. चार पॅरालिम्पिक झाली, शिखरावर आहोत, नमस्कार करून उतरावं.

ती उतरली नाही. १९९६ला अटलांटात, घरच्या मैदानावर, उद्घाटनाला खेळाडूंच्या वतीनं शपथ तिनं घेतली आणि मग दोन सुवर्ण, तीन रौप्य, तीन कांस्य. सिडनीला, छत्तिसाव्या वर्षी, चार रौप्य आणि एक कांस्य. सुवर्ण एकही नाही. मग अथेन्स. मधल्या काळात ती इंडियानापोलिसच्या शाळांत शिकवत होती, कायद्याचं शिक्षण घेत होती. पुढे माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीला लागली. म्हणजे ही काही चोवीस तास तलावात राहणारी बाई नव्हती. वर्गातल्या मुलांच्या वह्या होत्या, परीक्षा होत्या, बसच्या वेळा होत्या, आणि या सगळ्याला जोडून रोजचे हजारो मीटर होते.

पदकांची ती उतरती यादी मी पुष्कळदा वाचली आहे. बारा सुवर्ण. दहा आणि दोन रौप्य. दोन, तीन, तीन. चार रौप्य, एक कांस्य. एक कांस्य. कुणाला ती घसरगुंडी दिसेल. मला ती दर चार वर्षांनी घेतलेला एकच निर्णय दिसते. आपल्याला आता हरवणाऱ्या मुली जगात आहेत हे माहीत असताना पुन्हा नाव नोंदवायचं. त्यातल्या कित्येकींना हा खेळ उपलब्ध झाला तो झॉर्नच्या पिढीनं आधी पाणी कापून ठेवलं म्हणून, हेही आहेच.

आता टॅपर.

एस ११ म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध. या गटात सगळ्यांनी काळे केलेले गॉगल घालायचे असतात, कुणाला तिरीप दिसत असेल तर तिचाही फायदा नको म्हणून. शर्यत संपल्यावर अधिकारी गॉगल तपासतात. पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. लेनच्या दोरीला हात घासत, स्ट्रोक मोजत तो येतो, पण स्ट्रोक मोजून भिंत नेमकी कळत नाही. थकव्यानं स्ट्रोक आखडतो, सोळाचे अठरा होतात. आणि पूर्ण वेगात आलेल्या बोटांनी भिंत शोधली तर बोटं मोडतात. म्हणून काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो आणि भिंत जवळ आली की पोहणाऱ्याच्या अंगावर हलकी टिचकी देतो. तोच टॅपर. एस ११ला टॅपर सक्तीचा, एस १२ आणि १३ला ऐच्छिक. पन्नास मीटरपेक्षा लांब शर्यत असली की दोन्ही टोकांना एकेक लागतो. शर्यतीत टॅपरनं टॅप द्यायचा, पोहण्याच्या सूचना द्यायच्या नाहीत.

आमची काठी म्हणजे कोळिष्टकं काढायच्या झाडूचा सरकता ॲल्युमिनियमचा दांडा. झाडू काढून टाकलाय, टोकाला चीर देऊन टेनिस बॉल बसवलाय आणि वरून पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढे. बॉल ओला झाला की जड होतो, म्हणून सराव संपल्यावर दांडा उन्हात उलटा टेकवून ठेवायचा. पावसाळ्यात बॉलला वास येतो, महिन्याला बदलावा लागतो.

टॅप कुठे द्यायचा हे स्ट्रोकवर ठरतं. फ्रीस्टाइलला टर्न घ्यायचा असेल तर आणखी एक-दीड हात मारता येईल एवढी जागा सोडून, डोक्यावर किंवा खांद्यावर. बॅकस्ट्रोकला आमची मुलगी उताणी येत असते, तिला उलटायलाही अंतर लागतं, म्हणून जरा आधी. ब्रेस्टस्ट्रोक अवघड, कारण डोकं वर-खाली होत असतं. वर आलेल्या क्षणी टॅप बसला पाहिजे आणि पुढच्या ताणात दोन्ही हात एकदम भिंतीला पोचले पाहिजेत. बटरफ्लायला पाणी इतकं उडतं की काठी धरणाऱ्याला काही सेकंद नुसता फेसच दिसतो. हे सगळं माणसागणिक वेगळं. तिचा टॅप दुसऱ्या कुणाला चालणार नाही.

आमच्या मुलीचं नाव मी इथे देत नाही, तिला ते आवडणार नाही. कॉलेजात शिकते, कला शाखेला आहे, बोलते भरपूर. पाण्यात पाय टाकल्या टाकल्या निकाल देते. “ताई, आज पाणी जड आहे.” आधी मला वाटायचं की हे मनाचं. मग लक्षात आलं की ज्या दिवशी रात्री नवं पाणी भरलेलं असतं आणि ते गार असतं त्याच दिवशी ती असं म्हणते. एकदा दोन लांबी मारून भिंतीला धरून थांबली आणि म्हणाली, “सर गेले का चहाला? आता पलीकडे काठी दुसऱ्या कुणाच्या हातात आहे.” पलीकडच्या टोकाला खरंच सरांनी नव्या मुलाच्या हातात दांडा दिला होता. टॅप बरोबर जागी बसला होता, तरी तिला हात ओळखू आला.

गेली दीड-दोन वर्षं तिची पन्नास मीटर फ्रीस्टाइलची वेळ अडली आहे. सुरुवातीला झपाट्यानं खाली आली. राज्य स्पर्धेत पदक, राष्ट्रीयला अंतिम फेरी, घरी सत्कार, शाळेत फ्लेक्स. मग थांबली. आता अर्धा सेकंद कमी करायला वर्ष लागतं, आणि कधी कधी वर्षअखेरीला तो अर्धा सेकंद वाढलेलाच असतो. फ्लेक्स लावणारे आता चौकशी करत नाहीत. तिची आई मात्र रोज येते. पहाटे डबा करून, मुलीला घेऊन दोन बस बदलून, तास-दीड तास बाकावर बसून राहते. तिनं मला परवा विचारलं, “हे अजून किती वर्षं चालायचं हो?” त्या प्रश्नात कंटाळा नव्हता, हिशेब होता. धाकट्याच्या क्लासची फी, मुलीची बँकेची परीक्षा, स्वतःचे गुडघे. मी तिला झॉर्नबद्दल सांगितलं. सात पॅरालिम्पिक म्हटल्यावर तिनं लगेच विचारलं, “आणि त्यांना नेऊन-आणून कोण करायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून देता आलं नाही, पण तोच खरा प्रश्न आहे. लांब कारकीर्द हा एकट्या माणसाच्या चिकाटीचा मामला आहे असं आपण धरून चालतो. मुरलीकांत पेटकरांकडे बघितलं की हे किती अपुरं आहे ते कळतं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा सैनिक मुळात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. वय सत्तावीस. झॉर्ननं त्या वयानंतर चार पॅरालिम्पिक केली. पेटकरांच्या बाबतीत काय झालं? १९७६ला भारताचा संघ गेला नाही. १९८०लाही गेला नाही. पुढच्या वेळी, १९८४ला, भारत पुन्हा दिसला तेव्हा पेटकर चाळिशीला टेकले होते. जगातला सगळ्यात वेगवान माणूस ज्या शर्यतीत होता, त्या शर्यतीला जायचा रस्ताच देशानं बारा वर्षं उघडला नाही. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ला. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सन्मान उशिरा आला याची हळहळ सगळ्यांनी केली, आणि ती रास्तच आहे. पण मला जास्त टोचतात ती न पोहलेली पॅरालिम्पिक. पुरस्कार अर्ध्या शतकानंतरही देता येतो, शर्यत परत देता येत नाही.

पुढच्या पिढ्यांना निदान रस्ता तरी मिळाला. करमाळ्याचा सुयश जाधव घ्या. लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात कोपराखालून गेले. वडील स्वतः पोहणारे, त्यांनीच पाण्यात घातलं. २०१६ला रिओ, २०१८ला जकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं सुवर्ण, २०२०चा अर्जुन पुरस्कार, मग टोकियो. हात नसलेला माणूस बटरफ्लाय कसा मारतो असं लोक विचारतात. मी म्हणते, खांदे, छाती आणि कंबर बघा. पाण्याची लाट अंगातून कशी काढायची हे त्याच्याकडून शिकावं. बॅकस्ट्रोकच्या सुरुवातीला हँडल धरता येत नाही अशा खेळाडूंना दातांत टॉवेल किंवा पट्टा धरून सुटायची मुभा असते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही बोललेच नव्हते.

आणि नागपूरची कांचनमाला पांडे. आमच्या मुलीच्याच गटातली, एस ११. डिसेंबर २०१७ला मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मेडलेचं सुवर्ण तिनं घेतलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेला गेली तेव्हा सरकारी पैसे वेळेवर न पोचल्यामुळे तिला परक्या शहरात उसनवारी करावी लागली होती. तिथून पदक घेऊन ती परतली. बातमी झाली ती उसनवारीची. २०० मीटर मेडले म्हणजे बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री, प्रत्येकी पन्नास मीटर. प्रत्येक स्ट्रोकचा वेग वेगळा, टर्न वेगळा, टॅप वेगळा. काळ्या गॉगलआडून चारही स्ट्रोक सारख्या ताकदीनं पोहायचे म्हणजे किती वर्षांचं काम आहे, हे ती शर्यत जिंकली त्या दिवशी कुणाच्या बातमीत आलं नाही. आमच्या मुलीला मात्र ते बरोबर कळतं. कांचनमालाचं नाव निघालं की ती पहिला प्रश्न विचारते, “त्यांच्या टॅपर कोण होत्या?”

पैसे, प्रवास हे मोठे विषय. त्याहून लहान वाटणारी एक अडचण सांगते, कारण कारकिर्दी तिथे तुटतात. मध्यंतरी आमचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका तलावावर चौकशीला गेलो. काउंटरवरच्या माणसानं मुलीकडे न बघता तिच्या आईला विचारलं, “काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?” राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून परत दिलं. आत वीस-बावीस धड डोळ्यांची मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, त्यांची जबाबदारी कुणी विचारली नव्हती. शेवटी तिला तिथे लेन मिळाली नाही, आणि तलाव उघडेपर्यंत ती घरी भिंतीला रबरी पट्टे बांधून हात मारत राहिली. पोहणाऱ्याचं अंग पाणी फार लवकर विसरतं. सराव महिनाभर सुटला की पुन्हा ‘पाणी हाताला लागायला’ तितकेच दिवस जातात. अशा पाच-सहा खंडांत एक चांगली कारकीर्द गुपचूप संपते, आणि लोक म्हणतात, पोरीनं सोडून दिलं.

झॉर्नच्या अथेन्सकडे बघताना मला आणखी एक गोष्ट हटकून आठवते. त्याच २००४च्या अथेन्समध्ये ब्राझीलचा क्लोदोआल्दो सिल्वा सहा सुवर्णपदकं घेत होता, आणि ब्राझीलमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा टीव्हीवर ते बघत होता. हात-पाय जन्मतः अपुरे असलेल्या त्या मुलाला, डॅनियल डियासला, दिव्यांगांसाठी असे खेळ असतात हेच तोवर नीट ठाऊक नव्हतं. त्यानंतर तो पोहायला शिकला. बीजिंगला चार सुवर्ण धरून नऊ पदकं, लंडनला सहा सुवर्ण, रिओला पुन्हा नऊ पदकं. आणि मग टोकियो. तोवर गटांची फेरतपासणी होऊन त्याच्या गटात नवे, ताकदवान प्रतिस्पर्धी आले होते. तीन कांस्यपदकं घेऊन तो निवृत्त झाला. एकूण सत्तावीस. तोच उतार आणि तोच शेवटचा रंग.

गटांच्या फेरतपासणीबद्दल खेळाडू जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. वीस वर्षं सराव करून तुम्ही स्नायू कमावता, तंत्र कमावता, आणि मग एक दिवस तपासणारे तुम्हाला पाण्यात उतरवून, टेबलावर निजवून, सांधे मोजून ठरवतात की तुम्ही कुणाबरोबर पोहायचं. गट वर सरकला तर कालचं सुवर्ण आजचा सातवा क्रमांक होतो. ही पद्धत अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. ती नसेल तर पॅरा जलतरणच उरणार नाही, आणि लबाडी करणारेही आहेत. पण चाळिशीतल्या खेळाडूचं शरीर वयानं थकतंय की मूळ व्याधीनं, हे वेगळं काढता येत नाही. वयाची सवलत कुणालाच नाही. झॉर्न चाळिसाव्या वर्षी विशी-पंचविशीतल्या मुलींबरोबर पोहली ती कोणत्याही सवलतीशिवाय, आणि तिसरी आली. २०१२ला पॅरालिम्पिकच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं, तेव्हा साहजिकच चर्चा झाली ती ५५ या आकड्याची.

आमच्या मुलीनं यंदा एक ठरवलंय. पन्नास मीटरची वेळ अडली तर अडू दे, ती २०० मेडलेची तयारी करणार आहे. सरांचा कल वेगळा होता. त्यांचं म्हणणं, बटरफ्लाय अजून कच्चा आहे, दोन वर्षं तरी जातील. ती म्हणाली, “जाऊ देत की सर. मी कुठे चाललेय?” बँकेच्या परीक्षेचा अभ्यास बसमध्ये कानाला लावून चालू असतो. आईनं गुडघ्यासाठी डॉक्टर गाठलाय आणि आठवड्यातले दोन दिवस मामेभावाकडे सोपवलेत. सध्या बटरफ्लायचा टर्न चाललाय. टॅप बसला की दोन्ही हात एकदम पुढे, भिंत, गुडघे पोटाशी आणि उलट. दहातले सहा जमतात, उरलेल्या चारांत ती भिंतीपासून हातभर लांब राहते आणि पाण्यातून डोकं काढून “अजून जवळ द्या ना!” असं ओरडते.

मेडलेला दोन टोकांना दोन टॅपर लागतात. सरांनी काठी हातात दिली होती तो मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सर कायम एका टोकाला अडकून राहिले तर बाकीची बॅच कोण बघणार? म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पुण्यात नदीच्या अलीकडे राहत असेल आणि सकाळी सव्वासहा ते साडेसात मोकळं असेल, तर मला कळवा. पोहता आलं तर बरंच, नाही आलं तरी चालेल. काठावर घसरणार नाहीत अशा चपला मात्र हव्यात. दांडा आणि बॉल आमच्याकडे आहेत. टॅप शिकायला आठवडाभर पुरतो. फक्त महिना-दोन महिन्यांत सोडून जाणार असाल तर येऊ नका, कारण नव्या हातावर भरवसा ठेवून पूर्ण वेगानं भिंतीकडे यायला तिला त्याहून जास्त दिवस लागतात.